अकरा मिनिटांची संध्याकाळ

बातमी मोबाईलवर आली. दुसरा तास संपवून स्टाफरूममध्ये येऊन बसलो होतो, चहा यायचा होता. सांगलीच्या जुन्या नाटकवाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर एरवी वाढदिवस आणि सुविचार चाललेले असतात. त्या दिवशी एक फोटो होता. कुणाच्या तरी सत्काराच्या फोटोतून कापून काढलेला, खांद्यावर दुसऱ्याच माणसाची चार बोटं राहिलेली. खाली ओळ : ‘आपल्या सर्वांचे लाडके लाईटमामू पैगंबरवासी झाले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मग एकेकाची लेखणी मोकळी झाली. ‘रंगभूमीवरचा प्रकाश मावळला.’ ‘स्वतः जळून दुसऱ्यांना उजळणारा दिवा विझला.’ एकानं तर चार ओळींची कविताच टाकली, तिच्यात तीनदा तेज आणि दोनदा ज्योत. मीही हात जोडले. अंगठ्यानं, चहा येईपर्यंत.

संध्याकाळी सांगलीहून फोन आला. “सर, शोकसभेला अध्यक्ष तुम्हीच. लाईटमधलं तुमच्याइतकं आपल्या भागात कुणाला कळतंय?” मी गेलो. बारा-पंधरा मिनिटं बोललो. चांगलं बोललो, दुर्दैवानं. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळ्यांना पदर लावला. सभा संपल्यावर लोक येऊन माझा हात हातात घेऊन दाबत होते आणि मला आतून असा संताप येत होता की, कुणाच्या तरी कानाखाली द्यावी… पण द्यायची तर पहिली स्वतःच्याच द्यायला लागली असती. त्याला आता पाच आठवडे झाले. आज लिहितोय ते त्या भाषणात जे गिळलं, ते.

मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. परावर्तन, अपवर्तन, भिंगं. सव्वीस वर्षं फळ्यावर किरण काढतोय, बाण काढायचा विसरलं की मुलांचे गुण कापतोय. तरुणपणी आम्ही दहा-बारा जणांनी एक नाट्यसंस्था काढली होती. मी लिहायचो आणि बसवायचो. वर्षाला एक नाटक, आणि ते घेऊन सांगलीला स्पर्धेला जायचं. लाईटमामू मला भेटले ते तिथंच. सांगलीत राहायचे, दिवसा पंपांच्या मोटारी रिवाइंड करायचे आणि स्पर्धेच्या दिवसांत नाटकांचे लाईट. पहिल्या वर्षी मी त्यांना विचारलं, “तुम्ही वायरिंगचे का?” ते म्हणाले, “व्हय. पन नाटक कळतंय मला, घाबरू नगा.”

लाईट हा शब्द आमच्या भागात किती कामं करतो! ती गेली की पंप बंद, गिरणी बंद. लग्नाच्या मांडवाला लाईट, गणपतीला लाईट, साडीचा रंग लाईट, दवाखान्यातून सुटल्यावर जेवण लाईट. कुणाला राग आला की बाकीचे म्हणतात, लाईट घे. इंग्रजांनी एवढंसं पाखरू सोडलं आणि आम्ही त्याला सगळ्या रानात चरायला लावलं. आमच्या नाटकवाल्यांत मात्र लाईट म्हणजे एक माणूस होता. ‘लाईट जेवला का?’ ‘लाईट मिरजेला गेलाय, येईल.’ ‘लाईटला बसायला खुर्ची द्या रे कुणीतरी.’ हे आम्ही त्यांच्यासमोर बोलायचो आणि ते हसायचे. सगळे हसायचे.

त्यांचं काम मी जवळून बघितलं. डिमरची पेटी तेव्हा भाड्यानं मिळायची, पण त्यांचा तिच्यावर विश्वास नव्हता. “ही पेटी झटका मारती सर. दिस असा झटक्यानं बुडतोय व्हय?” त्यांचा डिमर म्हणजे मिठाचं पाणी. गटारीच्या कामाला येतात तसले चिनी मातीचे जाड पाईप, बूड सिमेंटनं बंद केलेले, आत पाणी आणि मीठ. तळाला एक पत्रा, वर दोरीला टांगलेला दुसरा. वरचा पत्रा खाली सोडला की दिवा चढणार, वर ओढला की उतरणार. विंगेत असे तीन पाईप उभे आणि मध्ये हे उघड्या अंगानं, कमरेला टॉवेल, पायाखाली रबराची चटई, दोन्ही हातांत दोऱ्या. बैलांचे कासरे धरावेत तशा. कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. “लांब ऱ्हावा. मी मेलो तर नाटक थांबंल, तुमी मेला तर पोलीस येतील.” मनगटापासून कोपरापर्यंत वाफेनं भाजल्याचे डाग होते. लाईटसाठी तेलाचे पंधरा किलोचे डबे कापलेले, पुढं जिलेटीनचे कागद. हे मी आज कुणाला सांगितलं तर धोकादायक म्हणून नाक मुरडतील. धोकादायक होतंच. आम्ही ते त्यांना करू देत होतो, हेही लिहितो.

ज्या वर्षाबद्दल सांगायचंय त्या वर्षी माझं नाटक धरणात जाणाऱ्या एका घराचं होतं. शेवटच्या प्रवेशात त्या घरातली शेवटची संध्याकाळ. म्हातारे नवराबायको सामान बांधतायत, बोलणं थोडंच. माझ्या संहितेत शेवटी कंसात लिहिलं होतं : ‘अंधार होतो.’ एवढंच. तालमीला मामू साताऱ्याला आले, जमिनीवर मांडी घालून बसले, प्रवेश तीनदा बघितला. तिसऱ्यांदा मला म्हणाले, “सर, अंधार शेवटी नगा करू. ती म्हातारी पयली भाकरी बांधती न्हवं, तितनंच सुरू करू. माणसाला कळायच्या आत अंधार पडतोय. दिवा लावायचं ध्यानात येतंय तवा दिस बुडून गेल्याला असतोय.” मी म्हणालो, “लोकांना दिसणार नाही शेवटी.” ते म्हणाले, “त्यास्नी तरी कुठं दिसतंय?”

आणि त्यांनी ते केलं. अकरा मिनिटं. दोन हातांनी, तीन दोऱ्या, एक दातात धरून. प्रेक्षकांत मी शेवटच्या रांगेत होतो. मला माहीत असूनही कळलं नाही कधी सुरू झालं ते. एकदम लक्षात आलं की म्हातारीचा चेहरा आपल्याला दिसत नाहीये, आणि आपण मघापासून पुढं वाकून बसलोय. सगळं नाट्यगृह पुढं वाकून बसलं होतं. त्या नाटकात जे काही चांगलं होतं ते त्या अकरा मिनिटांत होतं, आणि ते माझं नव्हतं.

आता त्या फॉर्मचं सांगतो. स्पर्धेचा प्रवेश अर्ज असतो, त्यात नेपथ्य, संगीत, रंगभूषा, प्रकाशयोजना अशा ओळी. आमच्या सगळ्या हौशी मंडळींत एक समजूत पक्की होती, की एका माणसाचं नाव दोन नाटकांना लागत नाही, लावलं तर दोन्ही बाद. ही समजूत कुणी कुठं वाचली होती? कुणीच नाही. मामू त्या केंद्रावर वर्षाला पाच-पाच नाटकं करायचे. आमचा चिटणीस फॉर्म भरताना म्हणाला, “सर, प्रकाशयोजना कुणाचं टाकू? मामूंचं?” मी म्हणालो, “मामूंचं कुपवाडच्या लोकांनी टाकलं असणार. उगीच बाद व्हायला नको. माझं टाक.” कुपवाडच्या लोकांना वाटलं इस्लामपूरच्यांनी टाकलं असेल, इस्लामपूरच्यांना वाटलं आम्ही. पुढं कधीतरी आम्ही पाचही दिग्दर्शक एका लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसलो आणि बोलता बोलता हे उघड झालं. इतक्या वर्षांत एकाही संस्थेनं एकाही फॉर्मवर त्यांचं नाव लावलेलं नव्हतं. आम्ही काय केलं? हसलो. ‘आयला, असं झालं होय!’ आणि जिलेबी घेतली.

त्या वर्षी प्रकाशयोजनेचं पहिलं पारितोषिक मला मिळालं. रौप्यपदक. नाव पुकारलं तेव्हा मी क्षणभर उठलोच नाही, शेजाऱ्यानं ढकललं. त्या ढकलण्यावर मी पुढं बरीच वर्षं जगलो… मी कुठं उठलो होतो, मला ढकललं. पदक घेऊन विंगेत गेलो. मामू पाईपमधलं पाणी उपसत होते. मी हळू आवाजात म्हणालो, “मामू, हे खरं तुमचं आहे.” हळूच का म्हणालो? कारण बाहेर माणसं होती. ते म्हणाले, “ठेवा की सर. माझ्या घरात कपाटावर मोटारीच्या तारा हायत, त्यात हरवंल.” मी चेहरा पाडून उभा. तर वर मलाच म्हणतात, “आवं, लाईट घ्या.” आणि पाणी उपसायला लागले.

इतक्यावर थांबलो असतो तर चूक म्हणता आलं असतं. थांबलो नाही. पदकामुळे मला शिबिरांची बोलावणी यायला लागली. रहिमतपूर, कराड, विटा. ‘प्रकाशयोजना : तंत्र आणि मंत्र.’ भौतिकशास्त्राचा माणूस, शिवाय पारितोषिक, लोकांना जोडी पटायची. मी अकरा मिनिटांच्या त्या संध्याकाळवर तासभर बोलायचो. पहिल्या वर्षी ‘आम्ही केलं’ म्हणायचो. दुसऱ्या वर्षी ‘आमचा एक लाईटमन होता, त्याच्याकडून करून घेतलं’. मग ‘मी केलं’.

असंच एक शिबिर विश्रामबागच्या एका सभागृहात होतं. मी बोलत होतो आणि मागं माईकच्या टेबलाशी मामू बसले होते, त्या दिवशी सभागृहाचं काम त्यांच्याकडं होतं. मला ते आधी दिसले नाहीत. एका मुलीनं प्रश्न विचारला, “सर, अकरा मिनिटं करंट चालला की पाणी तापणार. पाणी तापलं की रोध कमी होणार. म्हणजे दिवा उतरायच्या ऐवजी चढायला पाहिजे. तुम्ही काय केलंत?” चांगला प्रश्न होता. माझ्या विषयातला होता. आणि मला उत्तर माहीत नव्हतं, कारण ते मी केलंच नव्हतं. मी पाण्याचा पेला उचलला, प्यायलो, खाली ठेवला. तेवढ्यात मागून आवाज आला, “सर सांगायचे मला, मामू, गार पानी सोडा. मग मी तांब्यानं बारीक धार सोडायचो, कडंकडंनं. सरांचं ध्यान असायचं बारीक.” मुलीनं लिहून घेतलं. टाळ्या पडल्या. माझ्यासाठी.

दोन्ही हातांत दोऱ्या, एक दातात… तांब्या कसा धरला असेल त्यांनी? मला आजही माहीत नाही. त्या दिवशी विचारायला गेलो असतो तर कबूल केल्यासारखं झालं असतं, म्हणून गेलो नाही. उलट मला त्यांचाच राग आला. का वाचवलंत मला? कुणी सांगितलं होतं? एखाद्या माणसानं तुमच्यावर इतके उपकार करू नयेत की तुम्हाला त्याच्याकडं बघता येऊ नये. मी त्यानंतर आमच्या नाटकाला दुसरा लाईटमन घेतला. कारण दिलं, मिठाचं पाणी जुनं झालं आता.

त्यांनी मला आयुष्यात एकदाच काहीतरी मागितलं. नाट्यगृहाची डागडुजी झाली आणि व्यवस्थापनानं दर्शनी भिंतीवर आजवरच्या विजेत्यांचा काळ्या दगडाचा फलक लावायचं ठरवलं. मामूंनी मला रस्त्यात गाठलं. सायकलवरून उतरले, तरी हँडल धरूनच उभे. “सर, त्या फळीवर माजं बारकं कुठंतरी बसतंय का बघा की. लेकीच्या सासरचं लोक येत्यात नाटकाला.” मी म्हणालो, “बघतो.” तीन वर्षं मी बघत होतो. पहिल्या वर्षी ते भेटल्यावर नजरेनं विचारायचे. नंतर तेही सोडलं. फलक लागला. त्यावर सोनेरी अक्षरांत नाटक, वर्ष, प्रकाशयोजना, आणि मी.

शेवटची भेट त्या फलकासमोरच झाली. गेल्या पावसाळ्यानंतर. मी एका बक्षीस समारंभाला लवकर गेलो होतो, ते स्टुलावर उभं राहून छतातला दिवा फिरवत होते. वय झालं होतं, पाय थरथरत होते. मला बघून म्हणाले, “या सर. ह्यो दिवा चुकीच्या जागी बसवलाय बघा. दगडावर चकाकतोय. तुमच्या ओळीवरच नेमका. वाचायला येत न्हाई कुनाला.” आणि त्यांनी तो दिवा बोटानं अलगद फिरवला, थोडा पुढं, थोडा डावीकडं, आणि माझं नाव स्वच्छ उजळलं. “आता कसं. आता दिसतंय.”

त्यात टोमणा होता का? पाच आठवडे मी हेच घोकतोय. टोमणा असता तर बरं झालं असतं. पण मला वाटतं, त्यांना फक्त दिवा चुकीचा बसवलेला बघवला नाही. काहीही चुकीच्या जागी बसलेलं त्यांना बघवायचं नाही, एक मी सोडून.

शोकसभेनंतर दोन दिवसांनी मी नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांकडं गेलो. म्हणालो, फलकावरचं माझं नाव काढा आणि मामूंचं घाला. ते चपापले. “सर, आता कशाला उकरून काढताय? गेला तो माणूस.” मी म्हणालो, “म्हणूनच.” ते म्हणाले, “फॉर्मवर सही तुमची आहे. असं करू, खाली ‘साहाय्य’ म्हणून घालू.” तिथं माझा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या ऑफिसात टेबलावर हात आपटला, तोही पंचवीस वर्षं उशिरा. शेवटी ते वैतागून म्हणाले, “बरं, लेखी द्या. संबंधित कलाकाराचं पूर्ण नाव, आणि तुमचा कबुलीजबाब.” कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मी पेन उघडलं. आणि थांबलो.

मला त्यांचं नाव माहीत नव्हतं.

मामू होते ते. मुसलमान माणूस जरा पिकलेला दिसला की आपण मामू म्हणतो आणि प्रश्न संपतो. पिकलेलेही नव्हते, आम्ही पहिल्यांदा मामू म्हटलं तेव्हा चाळिशीही नव्हती त्यांची. व्यवस्थापकांना विचारलं, त्यांना माहीत नाही. ग्रुपवरच्या तिघांना फोन केले. एक म्हणाला अल्लाबक्ष असावं. दुसरा म्हणाला, “आपण लाईटमामूच म्हणायचो की सर, नाव कशाला लागतंय?” एवढी तेजं, एवढ्या ज्योती लिहिल्या होत्या सगळ्यांनी!

तसाच त्यांच्या घरी गेलो. घर सांगलीतच, पण मी कधी गेलो नव्हतो, दोनदा पत्ता विचारावा लागला. त्यांची मुलगी रेश्मा दारात आली. विश्रामबागेत एका दवाखान्यात कामाला असते, नुकतीच ड्यूटीवरून आली होती. पाणी दिलं. मग म्हणाली, “तुमच्या भाषणाचा व्हिडिओ पाठवला कुणीतरी. छान बोललात.” मी म्हणालो, “रेश्मा, मी सगळं लिहून देतोय. ते काम अब्बांचं होतं. पेपरमध्येही लिहिणार आहे.”

“का?”

मी पेला खाली ठेवला. ती म्हणाली, “सर, रागावू नका. अब्बा होते तेव्हा लिहायचं होतं. आता तुम्हाला झोप येत नाही म्हणून लिहिताय.”

“होय,” मी म्हणालो. “तसंच आहे.”

ती म्हणाली, “लिहा मग. पण अब्बांना दिवाबिवा म्हणू नका. ते मिस्त्री होते. काम केलं ते सांगा.”

मी मान हलवली. मग जे विचारायला गेलो होतो ते विचारलं. खाली बघत, “त्यांचं पूर्ण नाव…”

आत कुकरची शिट्टी झाली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, “अब्बा तुमचं नाव वडिलांच्या नावासकट घ्यायचे. टीव्हीवर नाटक लागलं की सांगायचे, ह्या सरांचं काम बघायला पाहिजे होतं तुम्ही.” चिडली होती ती, आणि तिला चिडायला माझ्यापेक्षा चांगलं कारण होतं. “मी नाही सांगणार तुम्हाला. वाचून घ्या.” ती उठली, मीटरच्या पेटीमागं खोचलेलं लाईटचं बिल काढलं आणि माझ्या हातात दिलं. “त्यांचं नाव छापून यायचं ते एवढ्यावरच. झेरॉक्स काढा आणि परत आणून द्या, उद्या शेवटची तारीख आहे.”

कोपऱ्यावरच्या दुकानात मी ती झेरॉक्स काढली. बिल परत नेऊन दिलं, तिनं दारातूनच घेतलं. अर्ज लिहून दिलाय, चार आठवडे झाले, व्यवस्थापनाचं उत्तर आलेलं नाही. दगडावर खाडाखोड अवघड असते, असं कळतं. म्हणून इथं लिहितो.

त्या नाटकातली अकरा मिनिटांची संध्याकाळ इलाही गुलाब मणेर यांनी केली होती. मी त्या वेळी शेवटच्या रांगेत बसलो होतो.